हाफ-टन ट्रक: फोर्ड, शेवी, रॅम की टुंड्रा? आणि माणसं एकाच कंपनीला जन्मभर का धरून राहतात?

ह्यूस्टनकर

मंडळी, पिकअप ट्रक घ्यायचाय. ह्यूस्टनजवळ कॅटीत राहतो, घरी आम्ही दोघं आणि दोन मुलं. सोबत एक ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं ठरलंय, भरल्यावर साधारण ७,००० पाउंडांचा. बिग बेंड, न्यू मेक्सिको, जमलं तर कोलोरॅडो असा बेत आहे. मंडळाच्या गणपतीचं मखर, ढोल-ताशे, प्लायवूड वाहायला दरवर्षी कुणाचा तरी ट्रक मागावा लागतो, तेही संपेल.

यादीत चार नावं आहेत: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले (शेवी) सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा. जीएमसी सिएरा आतून सिल्व्हराडोच असल्यामुळे वेगळी धरली नाही. योग्य इंजिन आणि पॅकेज घेतलं तर कंपन्यांनी सांगितलेली ओढण्याची कमाल क्षमता अशी आहे: एफ-१५० १३,५०० पाउंड, सिल्व्हराडो १३,३००, टुंड्रा १२,०००, रॅम ११,५५०. माझ्या ७,००० साठी चारही पुरेत असं दिसतं.

पण ज्यांच्याकडे ट्रक आहे त्यांना विचारलं की आकड्यांवर कुणी बोलतच नाही. एक शेजारी म्हणाला, "आमचे आजोबा शेवी चालवायचे, वडील शेवी, मी शेवी." दुसऱ्याच्या मागच्या काचेवर प्रतिस्पर्धी कंपनीच्या बोधचिन्हावर लघवी करणाऱ्या पोराचं स्टिकर आहे. ऑफिसातला सहकारी टुंड्राशिवाय दुसरं नाव काढू देत नाही. ही सगळी शहाणी, हिशेबी माणसं आहेत. साठ-सत्तर हजार डॉलरच्या वस्तूबद्दल ती असं बोलतात, तर त्यामागे काहीतरी कारण असणार. मला ते हसण्यावारी न्यायचं नाही, समजून घ्यायचंय.

म्हणून प्रश्न दोन. ट्रक कुठला? आणि ही निष्ठा येते कुठून?

डिअरबॉर्नवासी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो आमच्या गल्लीतला आहे.

मिशिगनमध्ये बरीच वर्षं काढली, नोकरी वाहनांचे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. इथे ट्रकची निष्ठा पगारातून येते. एफ-१५० बनतो इथल्या रूज संकुलातल्या कारखान्यात आणि मिसुरीत, कॅन्सस सिटीजवळच्या क्लेकोमोला. रॅम १५०० बनतो स्टर्लिंग हाइट्सला. सिल्व्हराडो इंडियानातल्या फोर्ट वेनला आणि मेक्सिकोतल्या सिलाओला. त्यामुळे दारातला ट्रक बघून घरातलं कोण कुठे कामाला आहे किंवा होतं, ते बऱ्याचदा सांगता येतं. फोर्डच्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला ए-प्लॅनची सवलत मिळते, निवृत्तांना झेड-प्लॅनची, ओळखीच्यांना एक्स-प्लॅनची. तीन पिढ्या सवलतीत एकाच कंपनीची गाडी घेत आल्या की चौथीला दुसरं शोरूम माहीतच नसतं.

आणि ही गोष्ट इथे गांभीर्याने घेतात. २००६ साली डिअरबॉर्न ट्रक प्लांटने नियम केला की फोर्डखेरीज दुसऱ्या कंपनीची गाडी आणणाऱ्या कामगाराने ती दारापाशी लावायची नाही, रस्त्यापलीकडे लावायची. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. त्या काळात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कारखान्याला टाळं लागत होतं. शेजाऱ्याने परक्या कंपनीची गाडी घेतली की आपल्या शिफ्टवर घाव पडला असं लोकांना खरोखर वाटायचं.

मग २००८-०९. जीएम (शेवीची कंपनी) आणि क्रायस्लर (रॅमची) सरकारी मदतीवर गेल्या, दिवाळखोरीतून निघाल्या. फोर्डने २००६ मध्येच स्वतःचं निळं लंबगोल बोधचिन्ह धरून जवळपास सगळं गहाण टाकून २३.६ अब्ज डॉलर उभे केले होते, म्हणून ती त्या वाटेने गेली नाही. ऊर्जा खात्याचं कर्ज फोर्डनेही घेतलं, हे सांगायला हवं. पण "यांनी सरकारपुढे हात पसरला नाही" एवढ्या एका कारणावर फोर्डकडे वळलेली आणि आजही तिथेच असलेली माणसं मला माहीत आहेत. तुमच्या टेक्सासात हे कारण मिशिगनपेक्षाही जास्त ऐकू येईल.

चाकणकर

माहितीपूर्ण धागा, वाचतोय. दोन शंका. हाफ-टन म्हणजे अर्धा टनच माल का? आमच्याकडे बोलेरो पिकअप याहून कितीतरी जास्त ओढते. आणि महिंद्रा तिकडे पिकअप विकणार होती ना, त्याचं काय झालं?

इतिहासवेडा

चाकणकर, हाफ-टन हे जुनं नाव आहे. एके काळी त्या वर्गाच्या ट्रकच्या हौद्यात हजार पाउंड माल मावायचा. आता त्याच वर्गातला ट्रक १,३०० पासून २,००० पाउंडांहून जास्त घेतो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या वर थ्री-क्वार्टर टन (एफ-२५०, २५००) आणि वन-टन (एफ-३५०, ३५००).

महिंद्राचं म्हणाल तर २००९-१० च्या सुमाराला अमेरिकेत डिझेल पिकअप आणायची पूर्ण तयारी होती. वितरकाशी वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं, ट्रक आला नाही. पण भारतातून पूर्ण बांधून आणला असता तरी एक भिंत होतीच, आणि ह्यूस्टनकरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या भिंतीत आहे.

१९६० च्या सुरुवातीला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी युरोपात इतकी विकली जायला लागली की फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जकात बसवली. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात लावली. निशाणा होता फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर. बाकीच्या जकाती पुढे सैल झाल्या, ट्रकची राहिली. तिला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात.

परिणाम असा की मोठ्या पिकअपच्या बाजारात साठ वर्षं घरच्याच तीन कंपन्या समोरासमोर राहिल्या. बाहेरच्याला यायचं तर इथे कारखाना घालूनच. टोयोटाने तेच केलं: पहिली टुंड्रा इंडियानातल्या प्रिन्स्टनला, मग २००६ पासून सॅन अँटोनिओला. निसानने २००४ च्या मॉडेलपासून मिसिसिपीत टायटन बनवला. वीस वर्षं चालवून २०२४ ला बंद केला. ट्रक वाईट नव्हता. त्याला घरात आजोबा नव्हते.

रानवारा

डेन्व्हरहून. माझ्याकडे रॅम आहे आणि पुढचाही रॅमच असेल, त्यामुळे माझं मत त्या बाजूचं समजा.

निष्ठा म्हणजे काय ते पाहायचं असेल तर हेमीचं प्रकरण पाहा. ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ (आठ सिलिंडरांचं) इंजिन, ३९५ अश्वशक्ती, ४१० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. २०२५ च्या मॉडेलला रॅमने ते काढलं आणि ३ लिटरचं सहा सिलिंडरांचं दोन टर्बोवालं 'हरिकेन' बसवलं. साधं हरिकेन ४२० अश्वशक्ती आणि ४६९ टॉर्क, वरचं ५४० आणि ५२१. प्रत्येक आकडा हेमीहून सरस. तरी माणसं बिथरली. डीलरकडे जाऊन "हेमी असेल तर बोला" म्हणत परत फिरली. शेवटी जून २०२५ मध्ये रॅमने जाहीर केलं की हेमी २०२६ ला परत येतोय. आमचं चुकलं असं कंपनीच्या प्रमुखाने उघड सांगितलं. बाजूच्या पत्र्यावर हेमीतून बाहेर येणाऱ्या मेंढ्याच्या डोक्याचं खास चिन्ह लावलं, आणि त्याला निषेधाचं चिन्ह असं नाव दिलं.

लोकांनी कमी ताकदीचं इंजिन हट्टाने परत मागून घेतलं. का? कारण ट्रक घेणारा माणूस दोन लाख मैलांचा विचार करतो. हेमीची दुखणी कुठली, ती कधी येतात, कुठला मेकॅनिक ती उघडतो, किती पैसे लागतात, हे सगळं वीस वर्षांत सगळ्यांना पाठ झालंय. हरिकेन कदाचित जास्त टिकेलही, पण ते अजून कुणी पाहिलेलं नाही. त्यात व्ही-८ चा आवाज, तोही हवाच असतो. मला हवा असतो.

आरामाबद्दलही एक सांगतो. २००९ पासून रॅम १५०० च्या मागच्या चाकांना पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामा ट्रक खड्ड्यातून काढा, फरक पाठीला कळेल. बाकी तिघांपैकी टुंड्राने तेच २०२२ ला केलं.

सरळसोट

रानवारा यांचा मुद्दा पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पूर्ण पटत नाही. इंजिनांवर काम करतो म्हणून लिहितो.

लोक निष्ठा कंपनीवर ठेवतात, पण भरवसा ठेवायचा तो विशिष्ट इंजिनावर आणि विशिष्ट वर्षांवर. टुंड्राचंच घ्या. लुईझियानातल्या एका माणसाने २००७ च्या टुंड्रावर दहा लाख मैल काढले. टोयोटाने ती गाडी तपासायला घेतली आणि त्याला नवी दिली. त्या पिढीच्या व्ही-८ ने टोयोटाचं ट्रकमधलं नाव केलं. पण २०२२ च्या टुंड्रात ते इंजिनच नाही, ३.४ लिटरचं टर्बो व्ही-६ आहे. मे २०२४ मध्ये त्यातल्या साधारण एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण मशीनिंगचा कीस इंजिनात राहून बेअरिंग जायचा धोका होता. व्ही-८ च्या पुण्याईवर आज टुंड्रा घेणारा माणूस दुसरंच यंत्र विकत घेतोय.

जीएमचंही तेच. त्यांच्या लहान व्ही-८ ची परंपरा १९५५ पासूनची. तरी एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही-८ च्या अमेरिकेतल्या जवळपास सहा लाख गाड्या रिकॉल झाल्या. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमध्ये दोष. काहींना इंजिन बदलून, बाकीच्यांना जाड तेल, ०-डब्ल्यू-४०. त्याच सिल्व्हराडोत ५.३ लिटरचं इंजिन घेतलेला माणूस या रिकॉलमध्ये नाही.

बोनेटवरचा बिल्ला एकच, आतली यंत्रं वेगवेगळी. म्हणून "टोयोटा चांगली का शेवी?" असा प्रश्नच मी विचारत नाही. "२०२३ चं हे इंजिन, हा गिअरबॉक्स, कसा आहे?" असा विचारतो.

रानवारा

मान्य. पण हा हिशेब करायला तुम्ही इंजिनवाले आहात. सामान्य माणसाला त्याच्या ओळखीच्या चार जणांचा अनुभव हाच डेटा. ते चारही जण एकच कंपनी चालवत असतील तर तो तीच घेणार. हे मला अडाणीपणाचं वाटत नाही.

सरळसोट

अडाणीपणा मीही म्हणत नाही. तो डेटा दहा वर्षं जुना असतो एवढंच म्हणतोय.

कोथरूड_ते_कोलंबस

या धाग्यावर कमिन्सचं नाव अजून कसं नाही? आमचं गाव कोलंबस, इंडियाना, म्हणजे कमिन्सचं मुख्यालय. पुण्यात १९६२ पासून कमिन्सचं इंजिन बनतंय, त्यामुळे कोथरूडच्या माणसाला इथे आल्यावर निम्मी माणसं ओळखीची भेटतात.

१९८९ साली डॉज (रॅम तेव्हा डॉजचा ट्रक होता) पिकअपमध्ये मागे पडली होती. तेव्हा त्यांनी ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरांचं कमिन्स डिझेल आपल्या मोठ्या ट्रकमध्ये बसवलं. अश्वशक्ती फक्त १६०, पण टॉर्क ४००. मुळात ते कामाच्या यंत्रांचं इंजिन. शेतकऱ्यांनी ते असं उचललं की आजही माणसं "माझ्याकडे रॅम आहे" म्हणत नाहीत, "माझ्याकडे कमिन्स आहे" म्हणतात. ट्रक कुणाचा का असेना. निष्ठा कंपनीवर नसून इंजिनावर असते याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण हेच.

सरळसोट

कोलंबसकर, दुसरी बाजूही लिहायला हवी. रॅम २५०० आणि ३५०० मधल्या पुढच्या पिढीच्या कमिन्स इंजिनांच्या प्रदूषण चाचणीत बगल देणारी यंत्रणा होती, म्हणून कमिन्सला १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य करावा लागला, डिसेंबर २०२३ मध्ये. क्लीन एअर कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड.

कोथरूड_ते_कोलंबस

बरोबर आहे, आणि गावात त्याचं वाईट वाटलेली माणसं पुष्कळ आहेत. इंजिनाबद्दल अभिमान आहे म्हणूनच ते जास्त लागतं.

शेतमळा

ह्यूस्टनकर, मी तुमच्यापासून तासाभरावर आहे, ब्रेनमच्या बाजूला. आमची रोपवाटिका आहे, ट्रक रोजच्या कामाला लागतो. माझं मत शोरूमवरून बनलेलं नाही, मेकॅनिकवरून बनलंय.

आमच्या एका ट्रकचा गिअरबॉक्स ऐन मार्चमध्ये गेला. मार्च म्हणजे रोपांचा हंगाम. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. डीलर म्हणाला पाच आठवडे. गावातल्या गॅरेजवाल्याने चार दिवसांत दुसरा बसवून दिला, कारण त्या कंपनीचेच ट्रक तो आयुष्यभर उघडत आलाय आणि त्याच्या मागच्या अंगणात सुटे भाग पडलेले असतात. तेव्हापासून आम्ही त्याच कंपनीचा ट्रक घेतो. हो, ज्याचा गिअरबॉक्स गेला त्याच कंपनीचा. ट्रक बिघडणारच. बिघडल्यावर किती दिवस बंद राहतो, याला आमच्या धंद्यात किंमत आहे. गावात ज्या कंपनीचा मेकॅनिक चांगला, तिचे ट्रक जास्त. ट्रक जास्त म्हणून मेकॅनिक तिचाच तयार होतो. बाहेरून बघणाऱ्याला ती भावना दिसते. आत धंद्याचा हिशेब असतो.

फोर्डबद्दल एक चांगली गोष्ट लिहिते. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात टेक्सासची वीज गेली, तेव्हा एफ-१५० हायब्रिड नुकताच आला होता. त्याच्या हौद्यात ७.२ किलोवॉटचे प्लग मिळतात. लोकांनी ट्रकवर घरातली हीटिंग आणि फ्रिज चालवले. फोर्डने टेक्सासातल्या डीलर्सना सांगितलं की दारात उभे असलेले असे ट्रक गरजूंना वापरायला द्या. त्या चार दिवसांत ज्याच्या घरात ऊब राहिली, तो माणूस आता दुसऱ्या कंपनीकडे जाईल का?

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: ७,००० पाउंडांना चारही पुरे असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. आधी ते वाचा.

जुना_शेवीवाला

शेतमळा ताईंच्या मेकॅनिकच्या मुद्द्याला अनुमोदन. मी मात्र फोर्डकडे जाणार नाही. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. २०१६ ची शेवीची जाहिरात आठवा: दोन्ही ट्रकच्या हौद्यात वरून दगडी ठोकळे टाकले. शेवीच्या पोलादाला पोचे आले, फोर्डच्या तळाला भोकं पडली. मी दगड-विटा वाहतो. मला पोलाद हवं.

डिअरबॉर्नवासी

तुमच्या कामाला पोलाद हवं हे खरंच, आणि ठोकळे टाकायचे असतील तर हौद्यात लायनर हवाच, ट्रक कुणाचाही असो. पण अ‍ॅल्युमिनियमने त्या ट्रकचं वजन ७०० पाउंडांपर्यंत उतरवलं. वाचलेलं वजन मालाला मिळतं. आणि २०१९ च्या सिल्व्हराडोचं बोनेट, दारं, मागचा फाळका अ‍ॅल्युमिनियमचेच आहेत. पोलाद राहिलं ते मुख्यतः हौद्याला, जिथे तुम्हाला हवं तिथे.

जुना_शेवीवाला

दारांचं माहीत नव्हतं. हौदा पोलादी आहे ना, मग माझं शेवीच.

ह्यूस्टनकर

शेतमळा ताई, तुमचं वाचून शनिवारी चारही शोरूम फिरलो आणि प्रत्येक ट्रकचं दार उघडून स्टिकर वाचलं. ओढण्याचे आकडे चौघांचे एकाच जे-२८०७ या प्रमाणित चाचणीने काढलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांशी ताडता येतात. टोयोटाने ती चाचणी २०११ मध्ये आधी स्वीकारली, बाकीचे मागून आले. पण त्या चाचणीत दोनच माणसं बसलेली धरतात आणि हौदा जवळपास रिकामा. आमची सहल तशी नसते.

आमचा हिशेब असा. ७,००० पाउंडांच्या ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाचा ट्रकवर पडणारा भार, १३ टक्के धरलं तर ९१०. वजन वाटून देणारी हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, ९०. आम्ही चौघं ५२०. बर्फपेटी, खुर्च्या, जनरेटर, लाकडं २५०. बेरीज १,७७०.

मी ज्या ट्रकच्या प्रेमात पडलो होतो, सगळ्यात वरची ट्रिम (सोयी-सजावटीची पायरी), काचेचं छत, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या, त्याच्या दारावर आकडा होता १,४०० च्या आसपास. म्हणजे ओढायला १०,००० च्या वर परवानगी, आणि ट्रेलर जोडून आम्ही चौघं बसलो की ट्रक वजनाच्या मर्यादेबाहेर. त्याच कंपनीचा, त्याच इंजिनाचा, कापडी सीटवाला साधा ट्रक १,८०० च्या वर. चामडं, छत, मोटारी, मोठी चाकं, सगळ्याचं वजन त्याच आकड्यातून वजा होतं. चारही शोरूममध्ये हेच दिसलं. फोर्डची साधी ट्रिम आणि फोर्डचीच वरची ट्रिम यांच्यातला फरक, फोर्ड आणि शेवी यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा निघाला.

आणि विक्रेत्यांपैकी हा आकडा आपणहून कुणीच सांगितला नाही. नवीन ट्रक घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. पोरांना मागे बसवून डोंगर उतरायचा असतो.

आता यादीत दोनच उरलेत: एफ-१५० ची एक्सएलटी, ३.५ लिटर इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो इंजिन) यासह, आणि टुंड्रा एसआर-५. मनाने टुंड्राकडे झुकतोय, सॅन अँटोनिओत बनते, डीलर जवळ आहे. सरळसोट, रिकॉलचं काय करू?

सरळसोट

तुम्ही बघताय त्या गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन नंबर एनएचटीएसए, म्हणजे अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या, संकेतस्थळावर टाका. त्या गाडीवर काही उघडं रिकॉल असेल तर तिथे दिसेल. डीलरच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

इतिहासवेडा

टुंड्राची '१७९४' नावाची ट्रिम टाळाल असं दिसतंय, पण नावामागची गोष्ट छान आहे. सॅन अँटोनिओचा कारखाना ज्या रँचच्या जागेवर उभा आहे, ती १७९४ साली वसली. जपानी कंपनीने टेक्सासच्या माणसाच्या घरात शिरायला त्याच्या मातीचं वर्ष ट्रकवर लिहिलं. रॅम लोन स्टार काढते, शेवी टेक्सास एडिशन काढते, फोर्डकडे २००१ पासून किंग रँच आहे. देशातलं सगळ्यात मोठं ट्रकचं मार्केट तुमचं, म्हणून सगळ्यांना तुमचं आडनाव लावायचंय.

शेतमळा

एफ-१५० घेतलात तर मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर विचारा. ३.५५ किंवा ३.७३ घ्या, आणि टो पॅकेज कारखान्यातूनच लावलेलं हवं. बाहेरून हिच बसवली तरी कूलिंग आणि वायरिंग तसं मिळत नाही. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर दोन्ही ट्रकमध्ये आहे का ते बघा. आणि सही करायच्या आधी डीलरला सांगा, तुमचाच ट्रेलर जोडून पंधरा मैल चालवू द्या. ब्रेनमच्या रस्त्याला चढ-उतार आहेत, इकडे आणा. चहा मी देते.